संगीताने आजार बरे होतात का? अनुभव आणि माहिती हवी

गुणगुण

नमस्कार मंडळी.

'अमुक राग ऐका, तमुक आजार घालवा' असा एक तक्ता अधूनमधून फोनवर येऊन पडतो. डोकेदुखी, आम्लपित्त, रक्तदाब, मधुमेह, सगळ्यांची सोय त्यात असते. कोणी केला, कोणावर तपासला, काही पत्ता नाही. मी तो न वाचताच पुसून टाकते.

पण मध्यंतरी ओळखीतल्या एका गृहस्थांना पक्षाघात झाला आणि वाचा गेली. 'पाणी' एवढा शब्दही निघेना. स्पीच थेरपिस्टने त्यांच्या तरुणपणीचं एक गाणं सुरू केलं, तर पुढची अख्खी ओळ शब्दांसकट बाहेर! घरचे रडायलाच लागले. तेव्हापासून प्रश्न पडलाय. तक्ता भंपक असेल, पण हे जे झालं ते काय? वैद्यकात संगीताचा खरा उपयोग कुठे आहे आणि कुठे नुसत्या भाकडकथा आहेत?

डॉक्टर, गाणारे, वाजवणारे, नुसते ऐकणारे, सगळ्यांनी लिहा. 'संगीत म्हणजे आत्म्याचं अन्न' छापाची वाक्यं शक्यतो टाळा ही विनंती.

उगाचच

तो तक्ता वाचून मला जो राग येतो, तो कोणत्या थाटातला?

तीव्र मध्यम

@उगाचच, वक्र चलनाचा दिसतोय. संध्याकाळी गाऊ नका, घरात भांडणं होतील.

शंकेखोर

तक्त्याबद्दल एकदाच बोलतो आणि गप्प बसतो. राग ही सुरांची चौकट आहे. तोच राग विलंबितात, खर्जात, हळुवार गायला तर एक परिणाम आणि द्रुत लयीत, तबल्यासकट वाजवला तर अगदी उलटा. मग 'मात्रा' कशाची मोजणार? गोळीत किती मिलिग्रॅम आहे ते ठरलेलं असतं. इथे गायक कोण, लय कोणती, किती वेळ ऐकायचं, ऐकणाऱ्याला ते आवडतं का, यातलं काहीच ठरलेलं नाही. त्यातून मधुमेहासारख्या आजारात कोणी तक्त्यावर विसंबून औषध बंद केलं तर ते जिवावर बेतेल.

पाश्चात्त्यही यात मागे नाहीत. मोझार्ट ऐकून मुलं हुशार होतात, हे ऐकलं असेलच. मूळ प्रयोग १९९३ सालचा, 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापलेला. ३६ कॉलेजचे विद्यार्थी, दहा मिनिटं मोझार्ट, त्यानंतर आकृत्यांची कोडी. गुण थोडे वाढले आणि पंधराएक मिनिटांत परिणाम ओसरला. बाळांचा यात संबंधच नव्हता. तरी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला संगीताची सीडी द्यायला १ लाख ५ हजार डॉलर मागितले. पुढे इतरांनी प्रयोग करून पाहिले तेव्हा कळलं की ज्यांना गोष्ट ऐकायला आवडते त्यांचे गुण गोष्ट ऐकूनही तेवढेच वाढतात. मन ताजंतवानं झालं की कोडी बरी सुटतात, इतकाच त्याचा अर्थ.

जुनी पाने

शंकेखोर, तक्त्यांची खोड आजची नाही हो. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-किंदी नावाचा तत्त्वज्ञ होऊन गेला. त्याने ऊद या वाद्याच्या चार तारा शरीरातल्या चार द्रवांशी जोडून दाखवल्या होत्या. रक्त, कफ, पिवळं पित्त, काळं पित्त. कोणती तार छेडली की कोणता द्रव हलतो, असा हिशेब. म्हणजे तक्ता अकराशे वर्षांहून जुना, फक्त फॉरवर्डचं बटण नवीन.

पण इतिहासात तक्त्यांपेक्षा मला व्यवस्था जास्त भावतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पंधराव्या अध्यायात, रुग्णासाठी घर कसं उभारावं याचं वर्णन आहे. वारा हवा पण झोत नको, धूर-ऊन नको, पाणी हवं, उखळ-मुसळ हवं. मग माणसं कोण हवीत त्याची यादी. स्वयंपाकी, अंघोळ घालणारे, अंग चेपणारे, औषध कुटणारे, आणि त्यांच्याच रांगेत गाण्या-वाजवण्यात, श्लोक, गाथा, आख्यायिका सांगण्यात कुशल लोक. आणखी एक अट आहे: ते 'अभिप्रायज्ञ' हवेत, म्हणजे रुग्णाच्या मनात काय आहे ते ओळखणारे. कोणता सूर कोणत्या रोगावर, याचा तिथे उल्लेख नाही. गाणारा शुश्रूषेच्या माणसांतला एक, बस.

दुसरं उदाहरण तुर्कस्तानातल्या एदिर्नेचं. सुलतान दुसऱ्या बायझिदने तिथे १४८८ मध्ये रुग्णालय पुरं केलं. सतराव्या शतकात एव्लिया चेलेबी हा प्रवासी तिथे गेला. दहा गायक-वादक पगारावर ठेवलेले आहेत आणि आठवड्यातून तीनदा येऊन रुग्णांसाठी, विशेषतः मनोरुग्णांसाठी, गातात-वाजवतात, असं त्याने लिहून ठेवलंय. त्याच काळात युरोपात वेड्यांना साखळदंड घालत होते, हे लक्षात घ्या. इमारत अजून आहे, तिचं संग्रहालय झालंय.

आणि स्पेनच्या राजाची गोष्ट तर प्रसिद्धच. पाचवा फिलिप उदासीनतेने इतका ग्रासला की अंथरुणातून उठेना, अंघोळ करेना, दाढी करू देईना. राणीने १७३७ मध्ये फारिनेल्ली या इटलीच्या त्या काळच्या सर्वांत गाजलेल्या गायकाला बोलावून घेतलं. तो रोज रात्री राजाला गाऊन दाखवायचा, तीच तीच ठरावीक गाणी, असं म्हणतात. राजा उठून कारभार पाहू लागला.

उगाचच

रोज तीच गाणी? राजा उठला असेल तो 'बाबा रे, आता पुरे' म्हणायला.

शंकेखोर

आणि बराही झाला नाही. त्याचे झटके पुढेही येत राहिले, १७४६ मध्ये तो वारला. फारिनेल्ली मात्र नव्या राजाच्या सेवेत चालू, थेट १७५९ पर्यंत. रुग्ण गेला, वैद्याची नोकरी पक्की!

जुनी पाने

@शंकेखोर, बरोबर, आजार गेला नाही. पण ज्या काळात उदासीनतेवर रक्त काढणं आणि जुलाब देणं हेच उपाय होते, त्या काळात ज्याने रुग्णाचं काहीच बिघडवलं नाही असा हा एकमेव इलाज असावा.

भूलवाली

माझा पेशा नावातच आहे. ऑपरेशनच्या टेबलाशी आयुष्य चाललंय, म्हणून तिथलंच सांगते.

शस्त्रक्रियेआधीच्या भीतीवर संगीताचा उपयोग होतो, हे आता आमच्यात वादाचं राहिलेलं नाही. २००९ मध्ये स्वीडनमधला एक प्रयोग छापून आला. ३७२ रुग्ण, अर्ध्यांना शांत संगीत, अर्ध्यांना मिडाझोलम हे नेहमीचं चिंता घालवणारं औषध. संगीतवाल्यांची चिंता जास्त कमी झाली. २०१५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ७३ चाचण्यांचा, जवळपास ७ हजार रुग्णांचा एकत्रित आढावा आला. शस्त्रक्रियेनंतरची वेदना कमी, चिंता कमी, वेदनाशामकं कमी लागली. रुग्णालयातले दिवस मात्र कमी झाले नाहीत. गंमत म्हणजे पूर्ण भूल दिलेली असताना संगीत लावलं तरी थोडा फायदा दिसला. जागेपणी लावलं तर जास्त.

म्हणून गुणगुणताई, 'आजार बरे होतात का' या प्रश्नाला माझं उत्तर 'नाही'. पित्ताशयातला खडा गाण्याने विरघळत नाही. पण खडा काढायला आलेल्या माणसाची भीती आणि दुखणं कमी होतं, आणि तेही औषधाचे दुष्परिणाम न होता.

सर्जन लोकांच्या गाण्यांबद्दल मात्र माझी तक्रार आहे. पल्स ऑक्सिमीटरचा 'टिंग' आवाज सगळ्यांनी सिनेमात ऐकलाय. रक्तातला ऑक्सिजन उतरला की त्या आवाजाची पट्टीही उतरते, हे फार जणांना माहीत नसतं. आमचे डोळे दुसरीकडे असले तरी कान तिथेच असतात. अशात कोणी ढणढणाटी गाणी लावली की तो सूर बुडतो. लंडनच्या संशोधकांनी २० शस्त्रक्रियांचं चित्रण तपासून २०१५ मध्ये लिहिलं होतं की संगीत चालू असताना 'काय म्हणालात? पुन्हा सांगा' हे प्रकार कितीतरी वाढतात.

नर्मदेचा गोटा

सर्जनांची बाजू कोणीतरी मांडायला हवी. १९९४ चा एक अभ्यास आहे, ५० सर्जन, प्रयोगशाळेत आकडेमोडीचं काम. स्वतः निवडलेलं संगीत असताना त्यांचा वेग आणि अचूकता दोन्ही सर्वांत चांगली, दुसऱ्याने निवडलेलं असताना त्याहून कमी. आम्ही स्वतः निवडतो, तेव्हा आमचं उत्तम चालतं. :)

भूलवाली

@नर्मदेचा गोटा, आकडेमोड करताना रुग्ण टेबलावर नव्हता. आवाज कमी करा!

जुनी पाने

अवांतर, पण राहवत नाही. ऑपरेशन थिएटरात फोनोग्राफ आणण्याबद्दल १९१४ मध्येच अमेरिकेतल्या इव्हान केन या सर्जनने वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं. रुग्णाचं मन भीतीपासून दुसरीकडे वळावं हा हेतू. याच केनने १९२१ मध्ये फक्त तेवढ्या भागाला भूल देऊन स्वतःचं अपेंडिक्स स्वतः काढलं. तेव्हा काय ऐकत होता कोण जाणे.

उगाचच

'अपना हाथ जगन्नाथ' या म्हणीचा शोध तिथेच लागला असावा.

बेसूर

माझा अनुभव उलटा. हाडाच्या शस्त्रक्रियेनंतर मला वॉर्डात ठेवलं होतं. तिथे छतातल्या स्पीकरमधून 'मन शांत करणारं' संगीत दिवसभर. बासरी, मागे सिंथेसायझरचं ढगाळ गुंजन, मधून पक्षी. तेच पुन्हा पुन्हा. मी व्हायोलिन वाजवतो (नावावर जाऊ नका) आणि ती बासरी किंचित उतरलेली होती. पाय कमी दुखला, कान जास्त. बंद करा म्हटलं तर 'सगळ्यांसाठी आहे' असं उत्तर. एवढं दुखत असताना उठून जाताही येत नाही. कान मिटता येत नाहीत, हीच अडचण.

तीव्र मध्यम

+१ बेसूर. 'शांत संगीत' म्हणून जे विकलं जातं ते बरेचदा संगीतही नसतं.

तालमीतली

मी म्युझिक थेरपिस्ट आहे, वाचत होते, आता लिहिते.

बेसूर यांना जे झालं ते आमच्या कामाच्या अगदी विरुद्ध टोकाला आहे. भूलवाली यांनी सांगितलेल्या अभ्यासांत बहुतेक वेळा ध्वनिमुद्रित संगीत ऐकवतात. त्याला आम्ही 'संगीताचा वैद्यकीय वापर' म्हणतो. थेरपी म्हणजे प्रशिक्षित माणूस, ठरवलेलं उद्दिष्ट, रुग्णासोबतचं नातं आणि प्रगतीची नोंद. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत जखमी सैनिकांच्या रुग्णालयांत गायक-वादक जायचे. उपयोग होतोय पण नुसतं छान वाजवता येणं पुरत नाही, हे तिथेच उमगलं. मग १९४४ मध्ये मिशिगनला पहिला पदवी अभ्यासक्रम निघाला, १९५० मध्ये राष्ट्रीय संघटना झाली.

आता मूळ प्रश्नातल्या गृहस्थांबद्दल. ही गोष्ट वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. १७४५ मध्ये स्वीडनमध्ये ओलोफ दालीन याने अशीच नोंद केली होती: उजवी बाजू लुळी, बोलणं गेलेलं, पण सोबत कोणी म्हणू लागलं की तो माणूस प्रार्थनागीतं शब्द स्पष्ट उच्चारून गायचा. बोलण्याचं मुख्य यंत्र बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला असतं. तिथे रक्तपुरवठा तुटला की शब्द अडतात. गाण्यात मात्र उजवी बाजूही बरीच गुंतलेली असते आणि ती शाबूत असते. या तत्त्वावर १९७३ मध्ये बॉस्टनमध्ये 'मेलडिक इंटोनेशन थेरपी' तयार झाली. रोजच्या गरजेचं वाक्य घ्यायचं, दोनच सुरांत, उंच आणि खाली, सावकाश म्हणायचं, प्रत्येक अक्षराला डाव्या हाताने टिचकी. जमलं की थेरपिस्ट हळूहळू मागे सरते, सूर काढून टाकत नेहमीच्या बोलण्याकडे आणायचं. अमेरिकेच्या तेव्हाच्या खासदार गॅब्रिएल गिफर्ड्स यांना २०११ मध्ये डोक्यात गोळी लागली होती. त्यांच्या उपचारांतही गाण्याचा वापर झाला.

पण घरच्यांना एक सांगायला हवं. पाठ असलेलं गाणं बाहेर येणं म्हणजे वाचा परत आली असं नव्हे. ती जुनी, घट्ट बसलेली साखळी असते. 'पाणी दे' हे नवं वाक्य त्या वाटेने आणायला महिनोन्महिने मेहनत लागते. सगळ्यांना जमतंच असं नाही.

शंकेखोर

उत्तम प्रतिसाद. थोडी भर: सूर महत्त्वाचा की लय, यावर वाद आहे. २०११ मध्ये जर्मनीत १७ रुग्णांवर केलेल्या अभ्यासात निष्कर्ष निघाला की गाण्यापेक्षा लय आणि ओळखीचे शब्द यांचाच वाटा मोठा. म्हणजे श्रेय कदाचित टिचकीचं.

तालमीतली

@शंकेखोर, मान्य. माझ्या अनुभवातही टिचकी थांबली की शब्द थांबतात. पण सूर लावला की रुग्ण दहा मिनिटं जास्त बसतो, हेही खरं. कंटाळलेल्या माणसाकडून सराव होत नाही.

पानगळ

माझ्या मावशीला स्मृतिभ्रंश आहे. मला ओळखत नाही, पण लग्नाआधीची गाणी दोन्ही कडव्यांसकट म्हणते. त्या वेळी चेहरा पूर्वीचा होतो. अर्ध्या तासाने पुन्हा 'तुम्ही कोण?' याचा उपयोग धरायचा का?

भूलवाली

@पानगळ, धरायचा. स्मृतिभ्रंशावरच्या चाचण्यांच्या आढाव्यात उदासी कमी होते असं दिसलं. स्मरणशक्ती सुधारली किंवा आक्रमकपणा कमी झाला असं फारसं दिसलं नाही. त्यामुळे मावशी ओळखेल ही आशा नको, पण तो अर्धा तास तिचा चांगला जातो, तोही तुमच्या सोबत.

खर्जातला

फुप्फुसवाल्यांसाठी. मला कोविडनंतर दम लागायचा, जिने चढताना भीती वाटायची. इंग्लंडमध्ये 'इंग्लिश नॅशनल ऑपेरा'ने अशा लोकांसाठी ऑनलाइन श्वासाचे वर्ग काढले होते, सहा आठवड्यांचे, त्यात अंगाईगीतं गाऊन घ्यायचे. त्यावर चाचणी झाली, १५० लोक, २०२२ मध्ये 'लॅन्सेट'च्या श्वसनविषयक नियतकालिकात आली. मनःस्थितीत सुधारणा, दम लागण्याच्या काही प्रकारांतही. शरीराच्या बाकी तक्रारींत फारसा फरक नाही. मी ते वर्ग केले नाहीत, घरीच खर्ज लावायला लागलो. उच्छ्वास लांबतो आणि आपण धाप लागल्याच्या विचारातून बाहेर येतो.

उगाचच

शेजाऱ्यांच्या तब्येतीवर काही अभ्यास?

खर्जातला

शेजारी घोरतो, फिट्टंफाट.

नर्मदेचा गोटा

घोरण्यावरून आठवलं. ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांचं डिजेरिडू नावाचं लांब लाकडी वाद्य असतं. २००६ मध्ये 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात स्विस संशोधकांची चाचणी आली. झोपेत श्वास अडणाऱ्या २५ जणांपैकी निम्म्यांना चार महिने ते वाजवायला शिकवलं, घशाचे स्नायू बळकट झाले, दिवसाची झोप कमी आली, जोडीदारांनीही सुटकेचा श्वास टाकला. २०१७ मध्ये याला इग नोबेल, म्हणजे गमतीदार वाटणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं. इथे सुरांची जादू वगैरे नाही, सरळ व्यायाम आहे.

तीव्र मध्यम

मुद्दा पटला. आम्हा गाणाऱ्यांना सगळं श्रेय सुरांना द्यायची सवय असते. इटलीतले संशोधक बेर्नार्दी यांचा २००६ चा प्रयोग बघा. सहा प्रकारचं संगीत, त्यात सतारीवरचा संथ रागही होता. श्वास आणि रक्तदाब चालले ते लयीमागे. द्रुत असेल तर वाढले, विलंबित असेल तर उतरले, शैली कोणतीही असो. आणि सर्वांत जास्त विश्रांती कधी? मधे दोन मिनिटं शांतता ठेवली होती, तेव्हा. आता गुरुजी 'जागा सोडा, श्वास घेऊ द्या' का म्हणायचे ते कळलं.

शंकेखोर

गुणगुणताई, इथवर निघालेलं बघा. शस्त्रक्रियेची भीती, वेदना, अडलेली वाणी, उदासी, श्वास. कुठेही 'या सुराने हा रोग' असं काही सापडलं नाही. आणि अपयशही मोजायला हवं. २०१७ मध्ये ऑटिझम असलेल्या ३६४ मुलांवरची नऊ देशांतली मोठी चाचणी आली, संगीतोपचाराने मुख्य लक्षणांच्या तीव्रतेत फरक पडला नाही.

तालमीतली

बरोबर, आणि आमच्या क्षेत्रात तो निकाल झोंबला. २०२२ च्या आढाव्यात एकंदर सुधारणेची शक्यता थोडी जास्त दिसली. पण पालकांना मी आजही 'लक्षणं जातील' असं सांगत नाही.

गुणगुण

सगळ्यांचे आभार. त्या गृहस्थांच्या मुलीला तालमीतली यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती विचारतेय की गाणी कोणती लावायची, रोज किती?

तालमीतली

त्यांना आवडतील ती, हे पहिलं. फिनलंडमध्ये पक्षाघातानंतर पहिले दोन महिने रोज आवडीचं संगीत ऐकणाऱ्यांची शब्दांची स्मृती आणि एकाग्रता, ध्वनिपुस्तकं ऐकणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारली, असा २००८ चा अभ्यास आहे. ते रोज निदान तासभर ऐकत होते. दिवसभर मागे रेडिओ चालू ठेवू नका, थकवा येतो. आणि बोलण्याचे व्यायाम थेरपिस्ट ठरवेल तेच.

चालता बोलता

उशिरा आलो. वडिलांना पार्किन्सन्स आहे, दारात पाय जमिनीला चिकटल्यासारखे थबकतात. फिजिओने ठेक्यावर चालायला सांगितलंय. कोणी केलंय का?

तालमीतली

हा तर या सगळ्यातला भक्कम भाग. पार्किन्सन्समध्ये आतला ठेका धरणारी यंत्रणा मंदावते, बाहेरचा ठेका तिची जागा घेतो. थाउट या संशोधकांच्या १९९६ च्या प्रयोगात तीन आठवडे रोज ठेक्यावर चालल्यावर वेग सुमारे २५ टक्के आणि पावलाची लांबी १२ टक्के वाढली होती.

आधी त्यांच्या नेहमीच्या चालीची पावलं एका मिनिटाला किती पडतात ते मोजा. मेट्रोनोमचं, म्हणजे टिकटिक करून ठेका देणारं, फुकट अ‍ॅप त्याच आकड्यावर लावा, जमलं की फिजिओला विचारून थोडं वाढवा. गाणं हवं असेल तर ठेका ठळक हवा, आलापीचं नको. दारापाशी अडकले तर ओढू नका, तोंडाने ठेका मोजा. आणि रस्त्यावर कानात हेडफोन अजिबात नको, गाड्यांचे आवाज ऐकू यायला हवेत.

चालता बोलता

उद्या मोजतो. बाबांना लेझीमचा ठेका आवडतो, चालेल?

तालमीतली

त्यांच्या पावलांना जुळला तर पळेल.